पाच वचनांचा सिनेमा

४ मार्च

कॅप्टन म्हणाला, लिहायला घेतलंस की रोजनिशी ठेव, पुढे भांडणं झाली तर पुरावा राहतो. कॅप्टन म्हणजे आमचा दिग्दर्शक. बारा महिने डोक्यावर टोपी असते म्हणून कॅप्टन. टोपीखाली काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही.

काम मिळालं! साबणाच्या जाहिराती आणि रेडिओवरच्या बालसभा लिहून दहा वर्षं गेली, आता पहिल्यांदा पडद्यासाठी लिहिणार. चर्चच्या ट्रस्टला शुभवर्तमानातल्या प्रसंगांवर छोट्या फिल्म्स करायच्या आहेत. आमच्या वाट्याला दोन बहिणींचा प्रसंग आलाय. प्रभू एका गावात येतो. थोरली बहीण त्याला घरात घेते आणि पाहुणचाराच्या कामात बुडून जाते. धाकटी त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. थोरली येऊन त्याच्याकडेच तक्रार करते, की हिला सांगा मला हात लावायला. तो थोरलीला नाव घेऊन दोनदा हाक मारतो आणि समजावतो, की तू किती गोष्टींनी घेरली गेलीस, धाकटीने निवडलंय ते चांगलं आहे आणि ते तिच्याकडून कोणी काढून घेणार नाही. संपलं. पाच वचनं. फिल्म वीस मिनिटांची.

ट्रस्टच्या चिटणीसबाईंनी अट घातली, शास्त्राशी इमान. पास्टरची सही झाल्याशिवाय शूटिंग नाही आणि त्यांच्या दुसऱ्या सहीशिवाय फिल्म चर्चबाहेर दाखवायची नाही. मी म्हटलं, पाच तर वचनं आहेत, बेइमानी करायला जागाच कुठे आहे?

लिहीत होते तेवढ्यात ताई चहा ठेवून गेली. जाताना विचारलं, बाबांचं औषध आज आणशील का? म्हटलं, उद्या नक्की. तिने पिशवी उचलली आणि स्वतःच गेली. घरात असं समजूतदार माणूस असलं की लिहिणाऱ्याला फार बरं पडतं.

९ मार्च

पहिला खर्डा तयार. चोवीस पानं! धाकटीला मी अशी रंगवलीय की बघणाऱ्याने तिच्या प्रेमातच पडावं. खिडकीतून येणारं ऊन, तिचे मोठे डोळे, ऐकता ऐकता हातातली लोकर गळून पडते. थोरली भांडी आपटते, दारं आपटते, कपाळावर आठी. कॅप्टनने फोनवर ऐकून सांगितलं, थोरलीचं पूर्वी लग्न मोडलं होतं असं घाल, म्हणजे चिडकेपणाला कारण मिळेल. घातलं. शेवटी ती ओक्साबोक्शी रडते आणि धाकटीशेजारी येऊन बसते. लिहिताना मलाच रडू आलं.

ताईला एक पान वाचून दाखवायचा विचार होता, पण ती चादरी वाळत घालत होती.

११ मार्च

पास्टरकडे गेलो. हडकुळा, हसरा माणूस, कानावर सुताराची असते तशी लाल पेन्सिल. चोवीस पानं त्यांनी शांतपणे वाचली. चहा गार झाला, त्यावर साय आली, मग वर पाहिलं.

"मोडलेलं लग्न कुठून आणलंत?"

कॅप्टन म्हणाला, "पास्टर, ते जरा पार्श्वभूमी म्हणून..."

"शास्त्रात नाही. भांडी आपटणं?"

"ते वातावरण," मी म्हटलं.

"आणि हे रडणं?"

"तो शेवट आहे. ती बदलते ना!"

"बदलते? कुणी सांगितलं?" त्यांनी ग्रंथ उघडून माझ्यापुढे सरकवला. "वाचा. त्याचं बोलणं संपलं की प्रसंग संपतो. ती बसली, रडली, की परत चुलीकडे गेली, एक अक्षर नाही. आणि त्याला घरात बोलावलं कुणी, ते पाहिलंत का? थोरलीने. तुमच्या कागदात दार धाकटी उघडतेय."

खरंच की. इतक्या वेळा वाचूनही नजरेतून निसटलं होतं.

चोवीस पानांची सात उरली. बाहेर पडल्यावर कॅप्टन टोपी पुढे ओढून म्हणाला, "सात पानांत वीस मिनिटं कशी काढायची? पिठाचा क्लोजअप दाखवू का?"

१२ मार्च

डोकं चालत नाही. दिवसभर झोपून.

१७ मार्च

पास्टरला एकटीच भेटून आले. मी सरळच विचारलं, "जिथे शास्त्र गप्प आहे तिथे मी काय लिहू?"

ते म्हणाले, "गप्प राहा. पण गप्प बसलेल्या माणसाचा फोटो काढता येतो की. ती कामात बुडाली होती असं लिहिलंय, तर काम दाखवा. खरं काम. ती वाईट होती असं कुठेच लिहिलेलं नाही, मग कामच वाईट का दिसतंय तुमच्या कागदात?"

ह्या माणसाला सिनेमा कळतो, हे कॅप्टनला सांगायचं नाही.

घरी येऊन खरं काम लिहायला बसले आणि अडकले. त्या काळातली बाई पाहुणा आल्यावर नेमकं काय काय करत असेल? "थोरली पीठ मळते" एवढं लिहून पेन थांबलं. पीठ किती वेळ मळतात? मळून झाल्यावर काय करतात? नेटवर शोधलं. स्वयंपाकघरात आवाज फार येत होता, म्हणून दार लावून घेतलं.

२२ मार्च

थोरलीच्या भूमिकेसाठी नटी ठरली. मालिकांतून आलीय, चेहरा सुरेख, डोळ्यांत पाणी हवं तेव्हा हजर. फक्त नखं बोटभर लांब. कॅप्टनने तिला पिठाचा गोळा दिला, तर तिने तो मांजराच्या पिल्लासारखा उचलला.

कॅप्टन डोक्याला हात लावून आमच्या घरी आला. (टोपीला हात लावून, खरं तर.) आमची चर्चा चालली होती तेव्हा ताई एकीकडे बाबांना भरवत होती, दुसरीकडे कुकरची शिट्टी मोजत होती आणि दारात आलेल्या इस्त्रीवाल्याला शर्ट किती ते सांगत होती. कॅप्टन बोलायचा थांबला. तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ताई, आमच्या नटीला चार दिवस शिकवाल का?"

ताई म्हणाली, "काय शिकवायचं?"

"हेच. तुम्ही आत्ता जे करताय ते."

"मी काय करतेय?" ताई म्हणाली.

२५ मार्च

नटी रोज सकाळी येते. नखं कापली. पहिल्या दिवशी पीठ पातळ, दुसऱ्या दिवशी दगड, आज म्हणे जमलं. दोघी आत खिदळत असतात. मी दार लावून लिहिते, पण हसू दाराखालून येतं. ताईला इतकं हसताना मी ऐकलं नव्हतं. निदान अलीकडे नाही. एवढं काय विनोदी असतं स्वयंपाकघरात? आज पाणी प्यायचं निमित्त करून गेले, तर दोघी एकदम गप्प. पाणी पिऊन परत आले.

मला खरं तर राग आला. माझी फिल्म, माझी नटी आणि मीच बाहेर.

२६ मार्च

आज एक जबरदस्त गोष्ट सुचली! थोरली तक्रार करते ती बहिणीकडे नाही, पाहुण्याकडे. का? तर बहिणीला डोळ्यांनी, खाकरून, भांडं जरा जोरात ठेवून आधी दहा वेळा सांगून झालेलं असणार. धाकटीच्या ते लक्षातच येत नाही. म्हणून शेवटी ती तिसऱ्या माणसाला सांगते. यात शास्त्रात नसलेला एक शब्दही नाही, फक्त नजरा आहेत. तीन नजरा लिहिल्या. पास्टर खूश. म्हणाले, "हे कसं सुचलं?" म्हटलं, विचार करता करता.

२७ मार्च

रोजनिशीत तरी खोटं लिहू नये. ते मला सुचलेलं नाही. भिंतीपलीकडे नटीने ताईला विचारलं होतं, "ती बहिणीलाच का नाही सांगत?" आणि ताईने वरचं सगळं सांगितलं. माझे कान होते, एवढंच माझं कर्तृत्व.

ताईने ते कशावरून सांगितलं, कोण जाणे. तिची समज चांगली आहे. वाचन नसूनही.

पास्टरने पहिली सही केली.

८ एप्रिल

शूटिंगचा पहिला दिवस. एका बंद पडलेल्या विटांच्या कारखान्यात मातीचं घर उभारलंय. ताईला कॅप्टनने अधिकृतपणे बोलावलं, चूल पेटवायला आणि खाणं खरं दिसावं म्हणून. बाबांना शूटिंगपुरतं शेजारच्या काकूंकडे ठेवलं. ताईने आल्या आल्या चुलीकडे पाहून सांगितलं, "ही चूल दारासमोर नको. धूर पाहुण्याच्या तोंडावर जाईल. कुठलीही बाई अशी चूल मांडणार नाही." कला विभागातल्या तिघांनी निमूट चूल हलवली.

प्रभूचा चेहरा दाखवायचा नाही असं पास्टर आणि कॅप्टन दोघांनी मिळून ठरवलंय. (दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.) फक्त हात, पाठ आणि आवाज. आवाजासाठी रेल्वे स्टेशनवर तीस वर्षं घोषणा केलेले एक निवृत्त काका आहेत. आवाज असा की दगड ऐकेल. अडचण एकच, प्रत्येक वाक्य फलाट बदलल्यासारखं वाटतं.

९ एप्रिल

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

सकाळपासून एकच शॉट. थोरली तक्रार करते, तो तिला दोनदा हाक मारतो. काकांनी मारली. कडक वाटली, शाळेतल्या हजेरीसारखी. मग हळू मारली, तर आजारी माणसाला उठवल्यासारखी. पहिली मोठी, दुसरी लहान. पहिली लहान, दुसरी मोठी. नऊ टेक झाले. दर वेळी नटी पहिल्याच हाकेला डोळे भरून वर बघते आणि दुसरी हाक फुकट जाते.

कॅप्टन वैतागला. "एकदाच ठेवू. दोनदा उगाच वाटतंय."

पास्टर खुर्चीतून उठले. "दोनदा लिहिलंय."

"अहो, पडद्यावर एकदा पुरतं!"

"तुम्हाला पुरत असेल. त्याला पुरलं नव्हतं."

चिटणीसबाई आज नेमक्या बघायला आल्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, दोनदा नसेल तर ट्रस्ट ही फिल्म घेणार नाही. कॅप्टनने टोपी काढली. (टक्कल. अखेर कळलं.) म्हणाला, "मग मला कुणीतरी सांगा, का दोनदा? कारण कळल्याशिवाय मी नटीला काय सांगू?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेखक मी. मी खर्ड्याची पानं चाळायला लागले. पास्टर म्हणाले, प्रेम. काका म्हणाले, इशारा. चिटणीसबाई म्हणाल्या, परंपरा.

ताई चुलीपाशी बसून लाकूड आत सारत होती. तिने वर न बघताच म्हटलं, "पहिली तिला ऐकू जात नाही."

"काय?"

"हात चालू असतात ना. पहिल्या हाकेला 'आले' म्हणायचं आणि काम चालू ठेवायचं. ती हाक हातांना असते. कुणाला तरी काहीतरी हवं असतं." मग तिने हातातलं लाकूड खाली ठेवलं. "दुसऱ्यांदा कुणी हाक मारली, की मग कळतं, ह्याला काही नकोय. ह्याला मीच हवीय. मग हात थांबतात."



कॅप्टन नटीला म्हणाला, "ऐकलंस?" तिने मान हलवली. दहावा टेक. थोरली तक्रार करते, आणि करता करता हात पिठात चालूच. पहिली हाक येते. हात चालूच. दुसरी येते, तितक्याच आवाजात, जरासुद्धा न वाढवता. हात थांबतात. मग ती वर बघते. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. फक्त कुणीतरी आपल्याला पाहिलंय असं बघते.

एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. कॅप्टन 'कट' म्हणायचं विसरला. काकांनी चष्मा पुसला. पास्टर ताईजवळ जाऊन काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. ताई लाजली आणि चुलीला फुंकर घालायला लागली, चूल चांगली पेटलेली असताना.

घरी आल्यापासून विचार करतेय. आमच्या घरात ताईला हाक मारणारी माणसं दोनच, बाबा आणि मी. ती एका हाकेत येते असंच मला इतकी वर्षं वाटत होतं. आज मोजायला बसले, की मी तिला काही नको असताना कधी हाक मारली. आठवायला बराच वेळ लागतोय.

१० एप्रिल

शेवटचा शॉट. कॅप्टन म्हणाला, थोरली बसते असं तरी दाखवू, लोकांना बरं वाटेल. आज पास्टरच्या आधी मीच नाही म्हटलं. ती पिठाच्या हातांनी उभी आहे, त्याचं बोलणं संपतं, तिथेच काळोख. बघणाऱ्याने काय ते ठरवावं.

पास्टरने लाल पेन्सिल कानावर परत खोचली.

६ मे

चर्चच्या सभागृहात दुपारी तीनला दाखवली. शंभरेक माणसं, पंखे घरघरत होते. पास्टरच्या बाजूला चिटणीसबाई, मागच्या रांगेत ताई, बाबा आणि मी. दोन हाका झाल्या तेव्हा पुढच्या एका बाईने पदराआड डोळे टिपले. मी ताईकडे बघायचं टाळलं.

दिवे लागले. चिटणीसबाई उभ्या राहिल्या. "मग ती बसली का?"

पास्टर म्हणाले, "शास्त्रात नाही."

"पण लोक विचारतील."

"विचारू देत. मीही चाळीस वर्षं विचारतोय."

मागून एक आजी ओरडल्या, "अहो, पण शेवटी स्वयंपाक केला कुणी?" अख्खं सभागृह हसलं. चिटणीसबाईसुद्धा हसल्या आणि त्या हसण्यातच पास्टरची दुसरी सही झाली.

बाबांना शेजारच्या काकांनी गाडीने नेलं. आम्ही दोघी बसथांब्यावर. मी विचारलं, "कशी वाटली?"

"छान. मला धाकटी आवडली."

मला खरंच धक्का बसला. "धाकटी? मला वाटलं, तू थोरलीच्या बाजूने असशील. एवढं काम अंगावर..."

"कामाचा राग नव्हता गं तिला," ताई म्हणाली. "काम तर तिला येतंच. आतून बाहेरचं बोलणं ऐकू येत नसतं, त्याचा राग. सगळे हसतात आणि आपल्याला कळत नाही कशाला." मग म्हणाली, "तू दार लावून दहा वर्षं काय लिहितेस, ते तरी मला कुठे माहितीये, चिमणे?"

मला चिमणी म्हणणारी आता तीच एक उरलीय.

मी पिशवीतून वही काढली. साबणाच्या जाहिरातींपासून वाचायला सुरुवात केली, मग बालसभा, मग पास्टरने कापलेली सतरा पानं, मोडलेल्या लग्नासकट. ताई इतकी हसली की थांब्यावरची माणसं बघायला लागली. तीन बसेस गेल्या. चौथीत चढलो तेव्हा तिने हळूच सांगितलं, "पुढच्या फिल्मसाठी कॅप्टनने मला बोलावलंय. नटीबरोबर, बाहेरगावी, सहा आठवडे. मी हो म्हटलंय."

माझ्या मनात पहिलं काय आलं ते इथे प्रामाणिकपणे लिहिते, बाबांचं जेवण? माझं जेवण? ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. म्हटलं, "मोठी बॅग माझी ने. चाकं चांगली आहेत."

१९ मे

ताई गेली.

२० मे

गॅस पेटवायचा लायटर सापडला. फ्रिजवर होता.

२४ मे

पाच दिवसांत मी तीन वेळा रडले आणि एकदा इस्त्रीवाल्याशी भांडले. एक ओळही लिहिलेली नाही. ही कामं संपतच नाहीत, हे मला कुणी सांगितलं कसं नाही?

आज भात गॅसवर असताना ताईचा फोन आला. मी यादी घेऊन तयारच होते, हळद कुठे, बाबांची दुसरी गोळी जेवणाआधी की नंतर. पण तिने तोंड उघडलं आणि थांबेचना. तिथे डोंगर आहे म्हणे. दीडशे माणसांच्या मेजवानीचा प्रसंग आहे आणि सगळी पानं तिने मांडायची. मुख्य नट तिला विचारून घास घेतो. काल तिने कॅमेऱ्यातून पाहिलं, एका डोळ्याने, दुसरा बंद करून. "तुला माहितीये चिमणे, त्यातून बघितलं की पदार्थ वेगळाच दिसतो!" तिचा आवाज इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरातच जमिनीवर बसले, पाठ कपाटाला टेकवली आणि ऐकत राहिले. अर्धा तास. यादी विचारायची राहूनच गेली.

भात तळाला लागला. घरभर वास. बाबा काठी टेकत आत आले, खिडकी उघडली, पातेल्यात डोकावले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

वरवरचा बरा भात दोन ताटल्यांत काढला, त्यांच्यासमोर बसले आणि डोंगरापासून सगळं सांगितलं.